सत्कार आधी, चाचणी मागाहून

तुम्हा दोघा नातवंडांसाठी हे आत्ताच लिहायला बसले, कारण परवा आमच्या दूध संघाचा वार्षिक अहवाल घरी आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. मधल्या पानावर छापलं आहे की संघाने नवा डेटा ऑर्केस्ट्रेशन प्लॅटफॉर्म 'तांत्रिक विभागाच्या शिफारशीनुसार आणि निवड समितीच्या एकमताने' घेतला. निवड समितीच्या चौकटीत माझाही फोटो आहे. एकमत नव्हतं. शिफारसही नव्हती. तुमच्यापैकी एक जण याच कामात आहे, दुसरीही बहुधा त्याच वाटेला जाईल. उद्या कुणी तुम्हाला आजीचा फोटो दाखवून सांगेल की हे असं ठरलं. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण राग मला मराठीतच नीट मांडता येतो, तेव्हा वाचताना थोडे कष्ट घ्या.

मी त्या समितीत कशी, हे आधी सांगते. संघाच्या संचालक मंडळात तज्ज्ञ संचालकाची एक जागा असते. आमच्या चेअरमननी ती मला दिली आणि या निवड समितीतही घेतलं, कारण बाहेरच्या कंपन्यांचे करार इंग्रजीत येतात आणि ते वाचायला घरचंच वाटेल असं कुणीतरी हवं होतं. 'बाई आपल्याच आहेत, वाचतील आणि सांगतील,' एवढाच विचार त्यामागे होता. मी कागद समजेपर्यंत वाचते आणि समजला नाही तर विचारते, हे त्यांनी लक्षात घेतलं नव्हतं.

दुधाचं काम तुम्ही सुट्टीत इथे आलात तेव्हा अर्धंच पाहिलंत. गावच्या संकलन केंद्रावर लोक कॅन घेऊन येतात, वजन होतं, फॅट लागते, म्हणजे दुधातली स्निग्धता मोजली जाते, आणि तो आकडा मशीनमधून सरळ संघाकडे जातो. इथवर तुम्हाला ठाऊक आहे. पुढे ते आकडे तपासायचे. गावोगावच्या बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवण्याच्या मोठ्या टाक्यांत, किती दूध जमलं ते काढायचं. त्यावरून कुठला टँकर कुठल्या गावांना जाईल ते ठरवायचं. मग प्लँटला कळवायचं की इतकं दूध येतंय, तयारीत राहा. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

पूर्वी ही सगळी कामं घड्याळाला बांधलेली होती. साडेसातला हे, आठला ते. साडेसातचं काम कुठे अडकलं तरी आठचं आपलं वेळेवर सुरू व्हायचं, आणि अर्ध्यामुर्ध्या आकड्यांवर टँकर निघायचे. लग्नघरात पंगतीवर उभी राहणारी एखादी खमकी आत्या असते. भात उतरल्याशिवाय ती पानं मांडू देत नाही, आणि उशीर झाला तर कुणामुळे झाला हेही सांगते. संगणकातल्या कामांसाठी तशी आत्या हवी होती. तिलाच ऑर्केस्ट्रेशन प्लॅटफॉर्म म्हणतात.

ती निवडायची होती संघाच्या इंजिनिअर टीमसाठी. पाच जणं, पॅकिंग हॉलच्या वरच्या मजल्यावर बसतात. त्यांची प्रमुख राहात्याची, पेरूची बाग असलेल्या घरातली मुलगी. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती परत आली होती. चेअरमननी तिला शब्द दिला होता की इथली यंत्रणा तुझ्या टीमच्या हातात राहील, बाहेरच्या कुणाच्या नाही. त्या शब्दावर ती आली. बाकीच्या चौघांना तिनेच गोळा केलं. या सगळ्या हकिगतीत पणाला लागलं होतं ते एवढंच: तो शब्द पाळला जातो की नाही.

"मॅडम, पहाटे काही बंद पडलं तर फोन मला येतो," ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली. "मग ते उघडून, कुठे अडलंय ते बघून, तिथूनच पुढे सुरू करता आलं पाहिजे. मुंबईच्या कुठल्या कंपनीला ईमेल टाकून उत्तराची वाट बघायची असेल तर दूध काही थांबत नाही."

तिची निवडण्याची रीत मला आवडली. तिने माहितीपत्रकं वाचलीच नाहीत. मागच्या वर्षभरात काम जिथे जिथे अडलं होतं त्या सगळ्या अडचणी टीमने गोळा केल्या आणि प्रत्येक साधनापुढे त्याच ठेवल्या. आकडे येता येता रेंज गेली तर? एकाच गावचे आकडे दोनदा आले तर? एका केंद्राची फॅट चुकीची लागली आणि दुपारी दुरुस्त झाली, तर तेवढ्या एका गावचंच काम पुन्हा करता येतं, की सगळा तालुका पहिल्यापासून? मी कित्येक दुपारी तिथे खुर्ची टाकून बसले. खालून दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या मशीनचा आवाज येत असायचा आणि वर ही पोरं एखादं साधन मुद्दाम बंद पाडून बघत असायची.

सगळ्यात जास्त वाद झाला तो गप्प गावांवर. टीममध्ये शेवगावकडचा एक इंजिनिअर आहे, चांगला शिकलेला, पण रंगात आला की गावचं बोलतो. तो म्हणाला, "मॅडम, गाव गप हाय म्हंजी काय? येकतर रेंज न्हाई. न्हाईतर केंद्रवाला आजून उठला न्हाई. न्हाईतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय आन् केंद्राला कुलूप हाय. न्हाईतर जत्रा हाय, समदं दूध खिरीला गेलंय. मशीनला ह्ये समदं येकसारखंच दिसतंय."

"आणि तुला वेगळं दिसतं?" दुसऱ्याने डिवचलं.

"मला फोन लावता येतो की."

"तेच," प्रमुख म्हणाली. "मशीनने स्वतःच्या मनाने काही धरून चालायचं नाही. तेवढ्या गावापुरतं थांबायचं आणि आपल्याला विचारायचं."

आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावांत हा प्रश्न रोजचा. दिवाळीनंतर घरंच्या घरं कोयते घेऊन निघून जातात, केंद्रं बंद होतात, गुढीपाडव्याच्या सुमाराला परत उघडतात. कुणी घोडेगावच्या बाजारात गाय विकतं, तर त्या गायीचं दूध दुसऱ्याच गावच्या केंद्रावर जाऊ लागतं. तिथल्या आकड्यांना स्वतःचा हंगाम असतो. तो ज्याला समजत नाही त्याने तिथलं दूध गोळा करू नये.

शेवटी टीमने जे साधन पसंत केलं ते फुकट मिळणारं, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं, उघडून आतलं बदलता येईल असं होतं. दिसायला रुक्ष. शिकायला अवघड. त्याची देखभाल आपल्यालाच करावी लागेल आणि नवी आवृत्ती आली की डोकेदुखी होईल, हे त्या मुलीने स्वतःच समितीला सांगितलं. मी आजवर ऐकलेल्या खरेदीच्या प्रस्तावांत आपल्या पसंतीच्या वस्तूचे दोष आधी सांगणारा हा एकच.

मग मुंबईच्या एका कंपनीचा विक्रेता आपलं विकतचं साधन घेऊन आला. संघाच्या गेस्ट हाउसमध्ये मोठा पडदा, काजूची बिस्किटं, आणि पडद्यावर हिरव्या गोलांची रांग. एकेक गोल पेटत जायचा तसे चेअरमन खुर्चीत पुढे सरकायचे. "बघा बाई, समदं हिरवंगार," ते मला म्हणाले. जणू त्यांचाच ऊस होता.

प्रमुख मुलीने एकच प्रश्न विचारला. "एखाद्या गावाचे आकडे आलेच नाहीत, तर तुमचं साधन काय करतं?"

"काळजीच नको," विक्रेता हसून म्हणाला. "मागच्या आठवड्याची सरासरी ते आपोआप भरून टाकतं. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळायला हवंय."

टेबलाभोवती हशा झाला. का झाला ते मला आजही समजलेलं नाही. चेअरमन समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरी, त्यांच्याकडं मोठमोठ्या बँका हायेत. बँकांना चालतंय, आपल्याला चालंना व्हय?"

"बँकेची जत्रा नसते, साहेब," ती म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

मी करार मागून घेतला आणि वाचला. आत काही बिघडलं तर टीमने हात लावायचा नाही, तक्रार नोंदवायची आणि त्यांच्या माणसाची वाट बघायची, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते कलम बैठकीत मराठीत वाचून दाखवलं. तेव्हा कुठे ठरलं की दोन्ही साधनं काही आठवडे शेजारी-शेजारी चालवून बघायची, टँकर तोवर जुन्याच पद्धतीने सोडायचे, आणि निर्णय नंतर. मला वाटलं, चला, शहाणपण झालं.

चाचणी निम्म्यावर आली असताना संघाचा दूध उत्पादक मेळावा भरला. मंडप, फेटे, हलगी. संचालक म्हणून मला व्यासपीठावर बसवलं होतं. भाषणं झाली, जास्त दूध घालणाऱ्यांना बक्षिसं झाली, आणि मग निवेदकाने जाहीर केलं की आता आपल्या संघाला नव्या युगात नेणाऱ्या पाहुण्यांचा सत्कार होईल. पुढे आला तो विक्रेता. त्याला फेटा बांधला, चेअरमननी शाल घातली, आणि श्रीफळ माझ्या हातात ठेवण्यात आलं, मी ते द्यावं म्हणून. मी ते शेजारच्या संचालकांच्या हातात दिलं आणि खाली बसले. मंडपाच्या शेवटच्या रांगेत टीमची पाचही जणं बसलेली होती. त्यांची उरलेली निम्मी चाचणी त्या शालीखाली गेली, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं, कारण टाळ्या संपायच्या आत सगळी उठून गेली.

तुम्ही म्हणाल, एका शालीने काय होतं. तुमच्याकडे परदेशात वस्तू आवडली नाही तर परत करतात. इथे एकदा चारचौघांत शाल घातली की ती वस्तू राहत नाही, घालणाऱ्याची पत होते. त्यानंतर साधन चालत नाही असं म्हणणं म्हणजे चेअरमनला चालत नाही म्हणणं. इथे बोअरला पाणी लागायच्या आधी बोअरवाल्याला टोपी-टॉवेल देतात आणि मग कोरड्या खड्ड्याभोवती सगळे गप्प उभे राहतात, हे मी पाहिलेलं आहे. पण ती निदान एकट्याची जमीन असते. संघ हजारो घरांचा आहे.

सत्काराची बातमी पेपरात आली, आणि नवीन साधन चालू का नाही असं लोक विचारू लागले. म्हणून चेअरमननी हुकूम काढला की पूर्वेकडच्या गावांचे टँकर आजपासून विक्रेत्याच्या नव्या साधनाने सोडा. प्रमुख मुलगी त्यांच्या केबिनमध्ये गेली, मीही गेले. ती म्हणाली, "साहेब, चैत्र लागतोय. जत्रा सुरू होतील. निदान महिनाभर थांबा."

"जत्रा काय यंदाच निघाल्यात व्हय?" ते म्हणाले. "लई शंका काढती तू."

त्यानंतर आठवडाभरात एका गावची जत्रा आली. त्या गावात जत्रेच्या सकाळचं दूध डेअरीला घालत नाहीत. कितीही नड असो, त्या दिवशीचं दूध देवाच्या खिरीचं. आकडे आले नाहीत. नव्या साधनाने मागच्या आठवड्याची सरासरी भरली, पडद्यावर हिरवा गोल पेटवला आणि मोठा टँकर त्या रिकाम्या कूलरकडे धाडला. शेजारच्या गावात उलट झालं. तिथल्या लोकांनी आपलं सगळं दूध केंद्रावर घातलं, कारण घरात कुणी जेवायलाच नव्हतं, सगळे जत्रेला. मोठा टँकर रिकाम्या गावाला गेल्याने तिथे लहान टँकर गेला, भरला आणि निघून आला. कूलरमध्ये मावलं नाही ते दूध कॅनमध्ये राहिलं, आणि चैत्रातल्या उन्हात दुपारपर्यंत नासलं. टीमच्या साधनाने सकाळीच दाखवलं होतं की एक गाव गप्प आहे, विचारा. ते साधन तेव्हा फक्त शेजारी चालत होतं. त्याचं ऐकायची परवानगी कुणाला नव्हती.

मी आणि ती मुलगी संघाच्या जीपने त्या शेजारच्या गावात गेलो. केंद्र चालवणाऱ्या बाई ओट्यावर बसल्या होत्या, बाजूला कॅन, भोवती माश्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि मग सुनावलं. "मी चार बार फोन केला. त्यो मुंबईचा मानूस म्हनतो, शिस्टीममधी समदं बरोबर हाय. म्या म्हनलं, तुज्या शिस्टीमला हितं आन आन् ह्याचा वास घ्यायला लाव."

प्रमुख मुलगी म्हणाली, "ताई, चूक आमच्याकडून झाली."

"तुमची कशी? तुमी तर इचारायला आलात." मग माझ्याकडे बघून, "आन् ह्या बाई त्या मेळाव्यात स्टेजवर हुत्या ना? शाल घालताना बगितलं की म्या. जत्रा मशीनला न्हाई कळत, पर तुमा लोकास्नी तर कळत हुती."

मी ते शब्द तसेच्या तसे पुढच्या बैठकीत सांगितले.

त्या बैठकीत काय घडलं तेच अहवालात उलटं छापलं आहे, म्हणून नीट लिहिते. चेअरमननी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "बाई, तुमच्या इंग्रजीत चार ओळी लिहा. तांत्रिक विभागाची शिफारस हाय म्हणून. खाली पोरगी सही करंल."

"पोरगी इथेच बसली आहे," मी म्हटलं. "तिला विचारा तिची शिफारस काय आहे."

"साहेब, मी सही करणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही संघाचे चेअरमन आहात, तुम्ही ते घेऊ शकता. पण ते मी निवडलं असं म्हणू नका. मला निवडायला बोलावलं होतं आणि निवडायच्या आधी तुम्ही शाल घातलीत."

एक संचालक म्हणाले, "अगं, दूध नासलं ते एक दिवस. एवढं काय?" दुसरे म्हणाले, "हिला पॅकिंगला टाका, मग कळंल."

चेअरमन माझ्याकडे वळले. "शाल घातलीय बाई आपण. आता अंगावरनं काढून घ्यायची का?"

"शाल त्यांच्याकडे राहू द्या," मी म्हटलं. "साधन परत करा."

"आमच्यात आसं होत न्हाई."

हे वाक्य मी त्या टेबलावर वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. 'आमच्यात' म्हणजे कोण, हे कधी कुणी सांगितलं नाही. गावोगावी पहाटे उठून धारा काढणाऱ्या बायका त्यात येत नाहीत, वरच्या मजल्यावरची पाच पोरं येत नाहीत. ज्यांच्या हातून शाल दिली जाते तेवढेच येतात. मी कागद परत सरकवला आणि म्हटलं, माझा विरोध इतिवृत्तात लिहा. 'लिहू,' म्हणाले. लिहिलेला नाही, हे आता कळलं. हात वर झाले, बहुमताने ते साधन घेतलं गेलं.

पण बैठक तिथे संपली नाही. केंद्र चालवणाऱ्या त्या बाईंनी आसपासच्या गावांना उठवलं होतं. पूर्वेकडच्या गावांतल्या दूध संस्थांचे सचिव जमून खाली अंगणात उभे होते. मोर्चा नव्हता, घोषणा नव्हत्या. दूध दुसरीकडे घालू, एवढाच निरोप त्यांनी वर पाठवला. संचालकांची निवडणूक जवळ आलेली. चेअरमन खिडकीशी गेले, खाली बघितलं, आणि परत येऊन त्या मुलीला म्हणाले, "त्या गावांपुरतं तुमचं चालवा. पर बोर्ड आमच्याच साधनाचा राहील."

"बोर्ड कुठलाही लावा," ती म्हणाली. "पण मग त्याला हात फक्त आमची टीम लावेल. हे तेवढं लिहून द्या." मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. दोन ओळी मराठीत लिहून सही केली. शब्द दिला तेव्हाच त्यांनी हे केलं असतं तर त्या मुलीला भरल्या बैठकीत असं उभं राहून मागावं लागलं नसतं. तिचा तिथे विजय झाला असं टीममधले काही म्हणतात. मी म्हणत नाही. जे तिचं होतं त्यातला एक तुकडा तिला परत मिळाला, आणि तोही खाली माणसं उभी होती म्हणून.

त्यानंतर टीममधली दोघं नोकरी सोडून पुण्याला गेली. मी त्यांना अडवलं नाही. विक्रेत्याच्या साधनाला बाकीच्या तालुक्यांत काही तरी होतच असतं. तक्रार नोंदवली जाते, मुंबईहून फोन येतो, तोवर टँकर उशिराने निघतात आणि त्याला रस्त्याचं कारण दिलं जातं. चेअरमनच्या केबिनमधल्या पडद्यावर मात्र सगळे गोल हिरवे असतात.

प्रमुख मुलगी राहात्याहून रोज येते. शेवगावकडचा मुलगा आणि आणखी एक जण तिच्याबरोबर आहेत. पूर्वेकडच्या गावांचे टँकर आजही त्यांनी निवडलेल्या साधनावर सुटतात, आणि एखादं गाव गप्प असलं की त्या गावाला फोन जातो.